रिकामी बाबागाडी हलवू नये

हैदराबादला लेकीच्या घरी येऊन मला आता दोन महिने होत आले. नातू सव्वा महिन्याचा झाला आणि या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. ती नातवानं व्यापलेली नाही, तो बिचारा हातभर आहे. जागा खाल्ली आहे ती त्याच्या सामानानं. एक यंत्र बाटल्या उकळतं, दुसरं यंत्र उकळलेल्या बाटल्या कोमट ठेवतं. एक झोपाळा आहे, तो विजेवर झुलतो आणि झुलताना समुद्राचा आवाज काढतो. मराठवाड्याच्या लेकराला समुद्र कशाला ऐकवायचा कोण जाणे. तो आवाज लागला की नातू दचकून उठतो आणि मग त्याला मांडीवर घेऊन थोपटावंच लागतं. आंघोळीचा टब आहे, त्यात पाणी किती गरम ते सांगणारं एक पिवळं बदक आहे. आणि दाराशी, चपलांच्या वर पाय देऊन, एक बाबागाडी उभी आहे. तिची म्हणे एका हातानं घडी होते. मागच्या रविवारी जावयानं दोन हातांनी प्रयत्न केला आणि बोट चेमटून घेतलं.

"आई, हसू नकोस," गिरिजा म्हणाली. "घेताना वाटलं होतं, सगळं लागेल."

"हसत नाही गं. घेताना सगळ्यांनाच वाटतं. तुझ्या बापाला विचार."

तिच्या बापाला विचारायचं तर फोन लावावा लागतो, कारण हे लातूरला आहेत. दोघांनी घर सोडलं तर पाणी कोण भरणार? यंदा लातूरला पाणी नाही म्हणजे नाहीच. रेल्वेनं टाक्याच्या टाक्या भरून पाणी येतंय आणि लोक रुळाकाठी उभं राहून त्या गाडीचे फोटो काढताहेत. गिरिजा ते फोटो मला दाखवते आणि हळहळते. मी बघते आणि मला भलतीच गाडी आठवते. चार चाकांची, काळ्या छत्रीची, कुरकुरणारी. गिरिजाच्या जन्मानंतरच्या उन्हाळ्यात तिच्या बापानं लातूरला गाडीनं पाणी आणलं होतं. त्या गाडीत गिरिजा नव्हती, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. ह्यांची उस्मानाबादहून नव्या कचेरीत बदली झाली होती. कारकुनाच्या बदलीत मिरवण्यासारखं काय असतं? पण ह्यांच्या अंगात जिल्हा शिरला होता. कचेरीला अजून टेबलं आलेली नव्हती, फायली सतरंजीवर आणि साहेब एकुलत्या एका खुर्चीवर, तरी घरी आल्यावर म्हणायचे, "शोभा, आता आपण जिल्ह्याला राहतो." गावालाही तोच वारा लागला होता. गंजगोलाईच्या बाजारपेठेत कालपर्यंतच्या साध्या केशकर्तनालयानं पाटीवर 'जिल्हा' रंगवून घेतला. आमच्या गल्लीत नळाचे पाईप टाकायला चर खणले, पाईप टाकले, तोट्या बसवल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. पावसानं त्या वर्षी पाठ फिरवली ती फिरवलीच. मी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी नांदेडला माहेरी निघाले तेव्हा गल्लीतल्या तोट्यांवर मुलींनी ओढण्या वाळत घातलेल्या होत्या.

नांदेडला गोदावरी. तीही त्या साली खडक दाखवत होती, पण नळाला सकाळी तासभर पाणी यायचं. गिरिजा मार्गशीर्षात झाली. बाराव्या दिवशी बारसं. आमच्याकडे बारशाला लेकराच्या आधी वरवंट्याचा मान. पाट्यावरचा वरवंटा धुऊन, कुंकू लावून, टोपडं घालून त्याचं बाळ करतात, बायका त्याला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात, आणि मग खरं लेकरू पाळण्यात जातं. आमच्या आईनं लाल खणाची दोन टोपडी शिवली होती, एक गिरिजाला, एक वरवंट्याला. वरवंटा हातात घेऊन आमच्या सासूबाई म्हणाल्या, "वजनाला सारखीच हायती बघ दोघं." हे कोपऱ्यात उभे होते. सगळं आटोपल्यावर वरवंट्याचं टोपडं त्यांनी हळूच खिशात घातलं. मी बघितलं. "काय करता त्याचं?" विचारलं तर म्हणाले, "असू दे, रुमाल म्हणून."

लेकरू बापाच्या घरी तिसऱ्या महिन्यात जातं, नाहीतर पाचव्यात. तिसऱ्या महिन्यात हे न्यायला आले. माझी पेटी भरलेली होती. ओसरीवर आमचे अण्णा आणि हे बराच वेळ बोलत बसले. अण्णांचं मिरचीचं दुकान होतं, धर्माबादहून माल यायचा, आणि अण्णा बोलायचेही तसेच. आत मला एवढंच ऐकू आलं, "जावईबापू, ज्या गावात बाप आंघोळीला महाग, त्या गावात लेकीला न्हाऊ काय घालणार?" चहा पिऊन हे एकटेच परत गेले. आई म्हणाली, पाण्याची सोय बघून नेतो म्हणाले. मी पेटीतली लुगडी परत खुंटीवर टाकली. निघताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, याचा मला फार राग आला होता.

मग पत्रं सुरू झाली. दर आठवड्याला एक निळं आंतरदेशीय, आणि दर पत्रात एक नवी वस्तू. पहिल्या पत्रात प्लास्टिकचा टब. 'गंजगोलाईत बाळांसाठी खास गुलाबी टब आला आहे, जिल्ह्यात पहिलाच, घेतला.' अण्णांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "टब घेतला. आता त्यात घालायला पाणी कुठून घेतो, ते पुढल्या पत्रात येईल." ते काही आलं नाही. आल्या बाटल्या, एकदम सहा. आणि प्रत्येक बाटली वीस मिनिटं पाण्यात उकळावी असं खोक्यावर लिहिलंय, ही माहिती. सहा बाटल्या उकळायला लागणाऱ्या पाण्यात आमच्या गल्लीतलं एक घर दिवस काढत होतं, आणि लेकरू तर अंगावर पीत होतं! तिसऱ्या पत्रात चाकांचा पांगुळगाडा. गिरिजाला तेव्हा बसतासुद्धा येत नव्हतं.

आज त्या पत्रांचं हसू येतं, तेव्हा रडू यायचं. मी प्रत्येक पत्र दोनदा वाचायची. टबाचा रंग होता, पांगुळगाड्याची चाकं होती, कचेरीत आलेली टेबलं होती, गिरिजाचं नाव तर ओळीओळीत होतं. एक अक्षर तेवढं नव्हतं. 'ये' असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मला टब नको होता. मला तेवढं 'ये' पाहिजे होतं, बाकी पाण्याचं आम्ही दोघांनी बघून घेतलं असतं. बाहेर ऊन तापायचं, आई न्हाणीघरात गिरिजाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, डाळीच्या पिठाचा आणि शेकाच्या ओव्याचा वास घरभर दरवळायचा, आणि मी दाराशी बसून विचार करायची, ह्या माणसाला आम्ही हव्या आहोत की आमचं सामान?

आणि मग आली बाबागाडी.

तिची गोष्ट अशी. नव्या जिल्ह्याला आलेल्या कुणा मोठ्या साहेबांच्या पत्नीनं ती कुठल्याशा शहरातून आणली होती. मोठी चाकं, काळी छत्री, आत गादी. लेकराला संध्याकाळी हवा खायला न्यावं एवढीच बाईंची इच्छा. पण बंगल्याच्या फाटकातून गाडी बाहेर काढली की समोर चर. चर ओलांडला की पाईप, आणि पाईप ओलांडला की त्याला टेकून बसलेली म्हैस. बाईंनी चार संध्याकाळ प्रयत्न केला आणि गाडी विकायला काढली. साहेबांच्या घरचा पस्तावा आमच्या ह्यांनी मोठ्या आनंदानं विकत घेतला.

गाडी आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा सासूबाई उदगीरहून दोन दिवसांसाठी आलेल्या होत्या. ह्यांनी कौतुकानं गाडी पुढंमागं करून दाखवली, तशा त्या ओरडल्या, "थांब! रिकामा पाळणा हलवत न्हाईत. लेकराचं पोट दुखतंय तिकडं."

"आई, हा पाळणा न्हाई, गाडी हाय."

"चाकं लावली म्हणून काय झालं? लेकराचीच जागा न्हवं का?"

सासूबाईंनी मग उपायही सांगितला. बारशाला लेकराच्या जागी वरवंटा चालतो, तर इथंही चालायला हरकत नाही. पाट्यावरचा वरवंटा त्यांनी गाडीत निजवला, ह्यांनी 'रुमाल' म्हणून ठेवलेलं टोपडं त्याला घातलं, वरून दुपटं पांघरलं आणि उदगीरची गाडी धरली. जाताना बजावून गेल्या, "लेकरू येईस्तवर त्याला बाहेर काढू नको." हे मला पुढं कळलं. तेव्हाच कळलं असतं तर आमच्या आईचं अर्धा शेर रक्त आटलं नसतं.

पाण्याचा टँकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी अकराच्या सुमाराला यायचा. नऊपासून घागरींची रांग. पितळेच्या, तांब्याच्या, डालड्याचे डबे, गळकी पिंपं. माणसं लिंबाच्या सावलीत आणि भांडी उन्हात. रांगेचा कारभार रहीमा चाचींकडे. त्या बांगड्यांची टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरायच्या, त्यामुळे कोणत्या घरात किती तोंडं आहेत ते त्यांना रेशनच्या कचेरीपेक्षा जास्त ठाऊक. त्यांचा कायदा एकच होता. पहिली लेकुरवाळी, मग म्हातारी, मग बाकीची दुनिया. तो कायदा कुणी मोडत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळातही आपल्या भागात हाच कायदा होता, असं जुनी माणसं सांगायची.

तर हे एक दिवस घागरी घेऊन निघाले. दोन घागरी दोन हातांत नेऊन त्यांचे खांदे उतरले होते. समोर चार चाकं उभी. घागरी गाडीत घातल्या. पण वरवंटा बाहेर काढायचा नाही, आईनं बजावलेलं. मग घागरींच्या मधे तो निजला, लाल टोपडं वर काढून. रांगेतल्या बायकांनी बघितलं, पुरुष माणूस, एकटा, गाडीत टोपडं. "आईबिगर लेकरू घेऊन आलाय बिचारा. जाऊ द्या त्येला म्होरं." हे सांगणारच होते की हा दगड आहे. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात टँकरचा पाईप सुटला, घागर भरायला लागली, आणि सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं. तिसऱ्या दिवशी अशक्य. भरलेल्या घागरींनी गाडीत जागा उरायची नाही, म्हणून येताना वरवंटा दुपट्यात गुंडाळून खांद्यावर घ्यायचे आणि एका हातानं गाडी ढकलायचे. दीड महिना हे गृहस्थ एकदाही खोटं बोलले नाहीत. फक्त वरवंट्याला थोपटत राहिले.

आत्ता हे लिहिताना पलीकडच्या खोलीत तो समुद्राचा आवाज लागलाय आणि नातू त्याच्यावर मात करून ओरडतोय. गिरिजा फोनवर मैत्रिणीला विचारते आहे, याहून चांगला झोपाळा कुठला? मला तिला सांगावंसं वाटतं, बाई गं, लेकराला काय लागतं ते लेकरू सांगतं. सामानाच्या दुकानाला काय माहीत? पण सांगत नाही. पहिलटकरणीला आणि तिच्या नवऱ्याला भीती वाटत असते. ह्या जिवाला आपण पुरे पडू की नाही, ही भीती. ती काही केल्या जात नाही, म्हणून माणूस दुकानात जातो. आम्हीही गेलो असतो, पण आमच्याकडे दुकानंच कमी होती.

पाचवा महिना लागला. अक्षय तृतीया होऊन गेली. एक दिवस लातूरचे डाळीचे एक व्यापारी, शिवलिंगप्पा, अण्णांकडे आले. ओसरीवर पन्हं पिताना म्हणाले, "अण्णा, जावई नशिबानं भेटला तुमाला. आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर रोज दिसतो. लेकराला गाडीत घालून पाण्याला जातो, येताना खांद्यावर घेतो. बाप असून आईवाणी करून राहिला. आन लेकरू तरी काय गुणी! एक दिस रडल्यालं ऐकलं न्हाई."

अण्णांच्या हातातलं पन्हं तसंच राहिलं. लेकरू माझ्या मांडीवर होतं आणि त्याच क्षणाला ते मोठ्यानं रडत होतं.

पाहुणे गेल्यावर आईनं पदर डोळ्याला लावला. "दुसरं घर केलं गं त्यानं! लेकरूसुदिक झालं!"

"आई, हिशेब तर कर," मी म्हटलं. "मी येऊन सात महिने झाले."

"आदीचं असंल!"

एक गुलाबी टब घ्यायचा तर जो माणूस पत्राच्या तीन बाजू भरतो, तो दुसरं घर गुपचूप कसं करेल, हे मला कळत होतं. पण पत्रात 'ये' नव्हतं, हेही मला कळत होतं. त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात घेऊन मी बसले होते. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. गिरिजाला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की आईनं ती माझ्याकडून काढून घेतली.

अण्णा एवढंच म्हणाले, "सकाळची पयली गाडी धरायची. पेटी भर."

अशी माझी पाठवणी झाली. ओटी भरणं नाही, पाळणा नाही, पेढा नाही. एसटीत अण्णा पुढच्या बाकावर ताठ, आई माझ्या शेजारी, हातात लिंबू. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीतून गरम वारा आणि धूळ. ओढे कोरडे, पुलाखाली गुरं उभी, कारण सावली तेवढी पुलाखालीच. वाटेत कुठं पेटलेली चूल दिसली नाही की घागर घेऊन चालणारी बाई. सगळ्या कुठल्यातरी रांगेत असणार. गिरिजा एसटीच्या घरघरीनं शांत झोपली होती. ही एवढी एक वस्तू मात्र तिला पहिल्यापासून मानवली.

लातूरला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा आणि रांगेत सगळ्यांत पुढं आमचे हे. उन्हानं रापलेले, अंगात कचेरीचा सदरा, हातात बाबागाडीचा दांडा. छत्रीखालून लाल टोपडं दिसत होतं.

आईनं किंकाळी फोडली. "अगं बया, माज्या हातचं टोपडं! माज्या नातीचं टोपडं त्या लेकराला घातलं!"

सगळी रांग वळली. ह्यांनीही वळून बघितलं. आम्हाला बघून त्यांच्या तोंडावर आधी एवढं मोठं हसू आलं, आणि मग कुठल्या अवस्थेत आपण सापडलो आहोत ते ध्यानात येऊन ते हसू जागच्या जागी विरलं. अण्णा तडक पुढं गेले. "कुणाचं लेकरू हे?"

"अण्णा, ऐकून तर घ्या..."

अण्णांनी दुपटं ओढलं. दोन्ही हातांनी लेकरू उचललं. त्या वजनानं क्षणभर फसलेही असतील, कारण उचलताना त्यांनी मानेखाली हात घातला होता. मग टोपडं बाजूला झालं.

टँकरच्या पाईपातून पाणी गळत होतं, ते कुणी धरेना. अण्णांनी वरवंटा उन्हात उलटसुलट करून बघितला. मिरची पारखतात तसाच.

"हा तर वरवंटा हाय," ते म्हणाले.

मग जो कल्ला उठला! "दगड हाय व्हय रे? दीड महिना दगडाला म्होरं काढलं आमी!" "माजी सासू रोज तेची दृष्ट काढून राहिली की!" "घागरी घ्या काढून त्येच्या!" एका बाईनं खरंच एक घागर उचलली. हे खाली मान घालून उभे. मला हसूही येईना आणि पुढंही होता येईना. नवरा संशयातून सुटला याचा आनंद करावा की अख्ख्या गल्लीपुढं नाक कापलं गेलं याचं रडावं? मी गिरिजाला घेऊन तशीच उभी राहिले.

तेवढ्यात रहीमा चाचींनी हातातली काठी पाईपावर आपटली. "चुप बैठो सब! मेरेकू पैलेच दिनसे मालूम था."

"मालूम होतं? मग बोललात का न्हाई चाची?"

"अरे, लेकरू कधी रडतं, कधी मुततं. ह्येचं लेकरू गाडीत नुसतं ठक्क ठक्क वाजायचं. मेरे छे बच्चे हुए, एक भी नै बजा." रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. चाची हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. "तू बाबूसाबकी घरवाली ना? सुन बेटी. ये आदमी रोज पानी लेके जाता, और उस पत्थरसे बात करता. मेरे दरवाजेसेच जाता ना. म्हणायचा, गिरू, आज ऊन लई हाय, टोपडं नीट घे. गिरू, आईला सांग, ये म्हणून. फिर उसकूच बोलता, मेरेकू बोलने का नै, अण्णाकू जबान दिया मैं, पानी की सोय होने तक बुलाऊंगा नै. पर तू सांग. तेरेकू किसने मना किया?" चाचींनी पदरानं नाक पुसलं. "मैं बोली, जाने दो. दो घागर पानी के वास्ते क्या इसकू रुलाना?"

ती सगळी निळी पत्रं मी दोन-दोनदा वाचली होती. ज्या एका अक्षरासाठी मी नांदेडच्या दारात बसून झुरत होते, ते हा माणूस रोज सकाळी एका दगडाला सांगत होता. मला त्या रांगेतच रडू फुटलं. लाजबिज काही वाटली नाही. माझं बघून गिरिजानं सूर लावला, असा की टँकरवाला खाली उतरला.

"आता हे खरं लेकरू," चाची म्हणाल्या.

अण्णांनी वरवंट्याचं टोपडं सरळ केलं. ते माणूस शब्दाचे पक्के. दिलेला शब्द मोडायचे नाहीत आणि घेतलेला सोडायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी वरवंटा ह्यांच्या हातात दिला, म्हणाले, "जावईबापू, तुमचा शब्द मी परत केला." मग ह्यांच्या दोन्ही घागरी उचलल्या आणि नांदेडचा तो मिरचीवाला, डोक्याला टोपी, पायात करकरीत चपला, रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उन्हात उभा राहिला. हे त्यांच्या मागं.

गल्लीनं ह्यांना माफ केलं, पण फुकट नाही. पाऊस पडेपर्यंत रोज गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या घागरी बाबागाडीतून पोचवायच्या, हा चाचींचा निकाल. गाडीची गादी कुजली, छत्री फाटली, चाकं इतकी कुरकुरायला लागली की ती ऐकून म्हाताऱ्या दार उघडायच्या. गिरिजा त्या गाडीत दोनदा बसली आणि दोन्ही वेळा किंचाळली. गुलाबी टबात आमचं दोन दिवसांचं पिण्याचं पाणी राहायचं. तिला मी पायांवरच न्हाऊ घातलं, एका तांब्यात, आणि ते पाणी खाली परातीत धरून त्यानं फरशी पुसली, फरशीचं उरलेलं तुळशीला घातलं. बाटल्यांत पुढं मोहरी, जिरं, ओवा असं भरून ठेवलं. पांगुळगाडा तिनं वापरला, पण त्यात घातलं की ती मागं मागंच जायची, आणि चाक शहाबादी फरशीच्या भेगेत अडकलं की बापाच्या नावानं ओरडायची. जिल्ह्यातला पहिला टब, जिल्ह्यातली एकमेव बाबागाडी, आणि लेकरू वाढलं आमच्या मांडीवर.

हे सगळं गिरिजाला मी आजवर कितीदा तरी सांगितलंय. तिला फक्त दगडापर्यंतचं आवडतं, पुढचं ऐकताना ती उठून जाते. काल संध्याकाळी तिच्या बापाचा फोन आला, तोंड दिसतं तसला. हे फोन कपाळाशी धरतात, त्यामुळे अर्धा वेळ घराचं छतच दिसतं.

"पाण्याचं काय?" मी विचारलं.

"येतं. आठ दिवसाला येतं. भरून ठेवलंय."

"जेवण?"

"होतं की. खिचडी टाकतो."

"गिरिजा म्हणते, आणखी दोन महिने राहा."

"राहा ना. लेकराला गरज हाय तुझी. इकडं काय, मी निवांत हाय. अजिबात घाई करू नको."

आवाज अगदी छान होता. कचेरीत वरच्या साहेबांशी बोलायचे तसा. मी म्हटलं, "मघाशी फोन लागला तेव्हा कुणाशी बोलत होतात? कोण आलंय?"

"कुणी न्हाई. कोण येणार?"

आणि फोन ठेवायला म्हणून त्यांनी हात हलवला, तसं छत गेलं आणि स्वयंपाकघराचा ओटा दिसला. मिक्सर आल्यापासून आमचा वरवंटा ओट्याच्या कोपऱ्यात पडून असतो. काल तो कोपऱ्यात नव्हता. मधोमध, भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या डोक्यावर विटून गुलाबी झालेलं लाल खणाचं टोपडं होतं.

मी गिरिजाला हाक मारली आणि म्हटलं, उद्याचं लातूरचं तिकीट काढ.